ब्रेग्झिट: आठ पर्याय, आठही नामंजूर! तिथल्या मंडळींनो, चाललंय तरी काय?

धनकवडीकर | २८ मार्च २०१९, सकाळी १०:४०

काल रात्री, म्हणजे आज पहाटे तीनपर्यंत जागून ब्रिटिश संसदेचं मतदान बघितलं आणि आज ऑफिसात डुलक्या काढतोय. पंतप्रधान थेरेसा मे यांचा युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा करार दोनदा पडला म्हणून खासदारांनी कामकाज स्वतःच्या हातात घेतलं, कागदावर आठ पर्याय छापून प्रत्येकासमोर हो-नाही लिहिलं. आठच्या आठ पडले. करार न करताच निघू? १६० हो, ४०० नाही. निघणंच रद्द करू? नाही. जनतेला पुन्हा विचारू? २६८ हो, २९५ नाही. ‘कस्टम्स युनियनमध्ये (युरोपच्या सामाईक जकात व्यवस्थेत) राहू’ हा पर्याय थोडक्यात हुकला, पण हुकलाच.

उद्या २९ मार्च, म्हणजे कायद्यात लिहून ठेवलेली निघण्याची तारीख. आता म्हणे करार मंजूर झाला तर २२ मे, नाही झाला तर १२ एप्रिल. भिजत घोंगडं किती दिवस भिजवणार?

माझा प्रश्न घरगुती आहे. मुलीला लीड्सला एमएस्सीला प्रवेश मिळालाय, सप्टेंबरपासून. डिपॉझिट भरायची शेवटची तारीख १५ एप्रिल. इकडे व्हॉट्सअ‍ॅपवर रोज नवीन: लोक डबाबंद अन्न साठवतायत, औषधं संपणार, साडेतीन हजार सैनिक तयार ठेवलेत. बायको म्हणते यंदा राहू दे. मेहुणे म्हणतात कॅनडा बघा. मुलगी माझ्याशी बोलत नाहीये.

तिथे राहणाऱ्यांनी डोळ्यांनी दिसतं ते सांगावं. राजकारणावर बोला, पण आपल्या लोकसभेचं इथे नको, त्याचे धागे वेगळे आहेत.

काडेपेटी | २८ मार्च, १०:४४

मी पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

चिमूटभर | २८ मार्च, ११:२०

मुलुंडला आमच्या सोसायटीत २०१४ पासून रीडेव्हलपमेंट चालू आहे, म्हणजे सभा चालू आहेत. इमारत पाडायची यावर बहुमत झालं, पेढे वाटले. मग कळलं की पाडायच्या बाजूचे निम्मे म्हणतात बिल्डर नकोच, आपण स्वतः बांधू. उरलेल्या निम्म्यांना कार्पेट एरिया वाढवून हवाय. न पाडणारे आहेतच. आता ठराव कुठलाही आणा, बाकीचे दोन गट मिळून तो पाडतात. इमारत सोडून सगळं पडलंय.

काल ते आठ पर्याय बघताना मला आमचे सेक्रेटरीच दिसत होते.

टेम्सकाठी | २८ मार्च, १४:१५

चिमूटभर, दंडवत! फरक एवढाच की तुमच्या सोसायटीला तारीख नव्हती. इथे पंतप्रधानांनी २९ मार्च २०१७ ला युरोपला पत्र देऊन दोन वर्षांचं घड्याळ चालू केलं आणि मग जून २०१७ मध्ये मधेच निवडणूक घेऊन असलेलं बहुमत घालवून बसल्या. ३१७ जागा. तेव्हापासून सरकार उत्तर आयर्लंडच्या डीयूपी या ब्रिटनवादी पक्षाच्या दहा खासदारांवर चाललंय, आणि कराराची गाठ नेमकी उत्तर आयर्लंडवर बसलीय. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

धनकवडीकर, आधी खाण्याचं सांगते, म्हणजे वहिनींना झोप लागेल. दुकानं भरलेली आहेत. कुठेही झुंबड नाही. पण माझ्या ऑफिसातले दोघे-तिघे हळू आवाजात सांगतात की पोटमाळ्यावर टोमॅटोचे डबे, पास्ता आणि टॉयलेट रोल रचून ठेवलेत. सांगतानाही आधी इकडेतिकडे बघतात. २९५ पौंडांना सुक्या जेवणाचं एक खोकंच मिळतंय, त्याचं नाव ब्रेग्झिट बॉक्स. आपल्या लोकांच्या घरी दहा किलो तांदूळ आणि तूरडाळ कायमचीच असते, त्यामुळे आम्हाला वेगळं काही करावं लागलं नाही. तूरडाळ काही फ्रान्सच्या कॅले बंदरातून येत नाही.

अडचण ताज्या मालाची. या दिवसांत इथला पाला, टोमॅटो, काकडी स्पेन आणि हॉलंडहून ट्रकने येते. डोव्हर बंदरातून दिवसाला दहा हजारांच्या आसपास ट्रक जातात-येतात, आणि आज कुणी कागद मागत नाही. उद्या प्रत्येकाला दोन-दोन मिनिटं थांबवलं तर रांग केंटच्या हायवेवर किती लांब जाईल याचा हिशेब सरकारलाच लागत नाहीये. जानेवारीत मॅन्स्टनच्या बंद विमानतळावर ट्रक उभे करून रंगीत तालीम घेतली. आले ८९ ट्रक. आणि जादा फेरीबोटींचं १.३८ कोटी पौंडांचं कंत्राट अशा कंपनीला दिलं जिच्याकडे एकही बोट नव्हती. तिच्या संकेतस्थळावरच्या अटी चक्क जेवण घरपोच देणाऱ्या दुकानाच्या होत्या. फेब्रुवारीत ते कंत्राट रद्द झालं. हे सगळं बघून लोक डबे साठवतायत. भीती अन्न संपण्याची कमी आणि कारभार बघून आलेली जास्त.

मुलीबद्दल सविस्तर नंतर लिहिते, मीटिंग आहे.

काडेपेटी | २८ मार्च, १४:२१

बोट नसलेली बोट कंपनी! आमच्याकडचे ठेकेदार उगाच बदनाम आहेत.

पोटकलम | २८ मार्च, १६:०५

नागपुरात बसून हे सगळं रोज बघणारा मी एकटाच असेन असं वाटत होतं. धागाकर्त्याला धन्यवाद.

आपल्याकडे असं का होत नाही यावर थोडं. १९८५ पासून आपल्याकडे पक्षांतरबंदी आहे. व्हिप मोडला की खासदारकी जाऊ शकते. तिकडे तसा कायदा नाही. १५ जानेवारीला करार २०२ विरुद्ध ४३२ असा पडला. २३० मतांनी पराभव, ब्रिटिश संसदेच्या नोंदींतला सरकारचा सगळ्यात मोठा. त्यात सत्ताधारी पक्षाचेच ११८ खासदार विरोधात. दुसऱ्या दिवशी अविश्वास ठराव आला, तर तेच ११८ जण इमानदारीत सरकारच्या बाजूने, आणि सरकार ३२५ विरुद्ध ३०६ ने वाचलं. म्हणजे धोरण पाडायचं पण सरकार पाडायचं नाही.

पूर्वी पंतप्रधान अशा वेळी निवडणूक लावायचे. २०११ च्या कायद्याने तेही हातचं गेलं. मुदतपूर्व निवडणुकीला सभागृहाचं दोन-तृतीयांश मत लागतं. पक्षाने स्वतः मे यांना काढायचा प्रयत्न डिसेंबरमध्ये केला, त्या २०० विरुद्ध ११७ ने जिंकल्या, आणि नियमाप्रमाणे वर्षभर पुन्हा तसं मतदान घेता येत नाही. सगळी दारं कुलूपबंद, आणि किल्ल्या एकमेकांच्या खिशात.

त्यात सभापती बर्को. १८ मार्चला त्यांनी १६०४ सालापासूनचा दाखला काढला की त्याच अधिवेशनात तोच प्रस्ताव पुन्हा पुन्हा आणता येणार नाही.

मालवणी_खाजा | २८ मार्च, १६:३०

ऑऽऽऽर्डर! त्या माणसाच्या टायसाठी मी बघतो.

आणि आयर्लंडचा विषय निघालाच आहे तर नोंद घ्यावी: ब्रिटनला नाकी नऊ आणणारे आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर. त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. आमच्या वराडचो झील!

काडेपेटी | २८ मार्च, १६:३३

दीडशे वर्षांचा हिशेब एका मालवण्याने चुकता केला म्हणायचा.

बेलफास्टी | २८ मार्च, १८:५०

खाजा, गंमत ठीक आहे, पण इथे राहणाऱ्याला त्यातलं हसू येत नाही. ज्याला बॅकस्टॉप म्हणतात ते काय आहे हे रस्त्यावर दिसतं तसं सांगतो.

बेलफास्टहून डब्लिनला निघालं की न्यूरीच्या पुढे एका ठिकाणी रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ पिवळी होते आणि वेगमर्यादेच्या पाट्या मैलांऐवजी किलोमीटरमध्ये दिसायला लागतात. एवढीच सीमा. चौकी नाही, बॅरिकेड नाही, दुधाचे टँकर इकडचे तिकडे. अशी सुमारे ५०० किलोमीटरची सीमा आणि दोनशेहून जास्त रस्ते. माझ्या ऑफिसातल्या वयस्कर लोकांना तिथे बुरूज आणि बंदूकधारी सैनिक होते ते आठवतं. साडेतीन हजारांच्या वर माणसं मेली हिंसाचाराच्या त्या तीस वर्षांत. १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर ते थांबलं.

आता युनायटेड किंगडम कस्टम्सच्या बाहेर जाणार आणि आयर्लंड आत राहणार, तर माल तपासायचा कुठे? त्या रस्त्यांवर तपासला तर चौक्या आल्या. समुद्रात तपासला तर डीयूपी म्हणते आम्हाला ब्रिटनपासून तोडलंत. म्हणून करारात लिहिलं की दुसरा तोडगा निघेपर्यंत सगळंच यूके युरोपच्या कस्टम्सला बांधलेलं राहील. यावर कट्टर ब्रेग्झिटवाले म्हणतात, मग निघालो कशाला? ५८५ पानांच्या करारात अडलेलं घोडं हे एवढंच.

१९ जानेवारीला डेरीत न्यायालयाबाहेर गाडीत बॉम्ब फुटला. कुणी दगावलं नाही. त्या रात्री शेजारच्या आजींनी पडदे ओढून घेतले आणि आम्हालाही तसंच करायला सांगितलं.

लेस्टरकर | २८ मार्च, २२:१०

सगळे एकाच सुरात बोलतायत म्हणून लिहितो. मी २०१६ ला ‘बाहेर’ला मत दिलं. चपला खाली ठेवा, ऐकून घ्या.

तीस वर्षं दुकान चालवतोय. पोलंड-रुमेनियाचा माणूस बस पकडून येतो, दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. माझा पुतण्या इंजिनिअर, त्याला व्हिसासाठी तीस हजार पौंडांचा पगार दाखवा. हॉटेलवाल्या मित्रांना तंदूरवर उभा राहणारा माणूस भारतातून आणता येत नाही. २०१६ ला आम्हाला सांगितलं गेलं की युरोपचा दरवाजा बंद झाला की तुमचा उघडेल. तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल तर म्हणाल्या की आमची करी हाउसं वाचवायला मत द्या.

आणि हापूस विसरलात का? १ मे २०१४ पासून युरोपने भारतीय आंब्यावर बंदी घातली. ऐन हंगामात. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक दुकानदाराचं नुकसान झालं. ब्रसेल्समध्ये बसलेल्या माणसाला हापूस म्हणजे काय ठाऊक?

टेम्सकाठी | २८ मार्च, २३:४०

काका, मत तुमचं, त्याबद्दल तक्रार नाही. पण आंब्याचं अर्धंच सांगितलंत. पेट्यांत फळमाशी सापडली म्हणून बंदी आली, आणि इथल्या शेती खात्याने त्या बंदीची पाठराखण केली, कारण इथल्या काचगृहांतल्या टोमॅटो-काकडीला धोका होता. म्हणजे लंडनलाही तेच हवं होतं. आपल्याकडे गरम पाण्याची प्रक्रिया सुरू झाल्यावर जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठलीसुद्धा. उद्या ब्रिटन एकटं असलं तरी माशी सापडली की पेटी परतच जाणार.

आणि तुमचा दरवाजा उघडला का? डिसेंबरमध्ये व्हिसाचं धोरण जाहीर झालं. त्यात तंदूरवाल्यासाठी काय आहे ते बघितलंत का?

लेस्टरकर | २९ मार्च, ००:२०

बघितलं. फार काही नाही. पण हा दोष ब्रेग्झिटचा नाही, मे बाईंचा आहे. भारतीय विद्यार्थ्यांचा शिक्षणानंतरचा दोन वर्षांचा व्हिसा २०१२ मध्ये बंद झाला, तेव्हा गृहमंत्री कोण होत्या?

गूळपोळी | २९ मार्च, ०९:०५

अवांतर: त्या बंदीत आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूसुद्धा होतं! ऐन गौरी-गणपतीत अळूवडी नाही. लंडनमध्ये पालकाची वडी करून बघितली, वाफवल्यावर तिचं पिठलं झालं. कुणी स्विस चार्डच्या पानांची केली आहे का?

टेम्सकाठी | २९ मार्च, ०९:३०

केलीय. देठ जाड असतो तो लाटण्याने दाबून घ्यायचा. चिंच निम्मी. पाककृतीचा वेगळा धागा काढ, नाहीतर इथलेही आठ पर्याय होतील.

काडेपेटी | २९ मार्च, २०:१२

पडला! तिसऱ्यांदा पडला! २८६ विरुद्ध ३४४!

पोटकलम | २९ मार्च, २०:४०

सभापतींनी अडवू नये म्हणून यावेळी प्रस्तावाचे दोन तुकडे करून फक्त बाहेर पडण्याचा करार मांडला, भविष्यातल्या संबंधांचा जाहीरनामा बाजूला ठेवला. बुधवारी मे यांनी पक्षाच्या खासदारांना शब्द दिला होता की हा मंजूर करा, मी खुर्ची सोडते. बोरिस जॉन्सन लगेच वळले. मे यांच्या ब्रेग्झिट योजनेवरून गेल्या जुलैत परराष्ट्रमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि आता त्यांच्याच कराराला मत. डीयूपी हलली नाही. फरक २३० वरून १४९ आणि आता ५८. या गतीने चौथ्या खेपेला मंजूर होईल.

औषधपुडी | २९ मार्च, २३:१५

बर्मिंगहॅममध्ये फार्मसिस्ट आहे. औषधांबद्दल वर कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपचं लिहिलंय म्हणून.

सरकारने कंपन्यांना नेहमीपेक्षा सहा आठवड्यांचा जास्त साठा करायला सांगितला आहे, आणि लोकांना मात्र बजावलंय की घरात साठवू नका. प्रत्येकाने एक महिन्याचं जास्त घेतलं तर तुटवडा आजच होईल, ब्रेग्झिटची वाट बघायला नको. हे बरोबर आहे. पण काउंटरच्या या बाजूने म्हणायला सोपं आहे.

गेल्या आठवड्यात एक पंजाबी काका आले. इन्सुलिनची दोन रिकामी पेनं काउंटरवर ठेवली, चष्मा काढला, आणि विचारलं, ‘बेटी, यह कहां बनता है?’ इथे वापरलं जाणारं जवळपास सगळं इन्सुलिन बाहेरून येतं. मी खरं तेच सांगितलं आणि साठ्याचंही सांगितलं. ते म्हणाले, पंतप्रधान बाईंनाही हेच लागतं ना, मग त्या नीट करतील. (खरं आहे, मे यांना टाइप वन डायबेटिस आहे.) त्यांच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या गोऱ्या बाईंनी काहीही न विचारता मला त्यांच्याही गोळ्यांचं खोकं दाखवलं.

धनकवडीकर, मुलीला दम्याचा पंप वगैरे लागत असेल तर तीन महिन्यांचा सोबत द्या, प्रिस्क्रिप्शनसकट. हे मी ब्रेग्झिट नसतं तरी सांगितलं असतं.

म्हापशेकार | ३० मार्च, ०२:३०

मी स्विंडनला असतो. इथे गोंयकार खूप. आमचं कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

ज्यांचे आईवडील १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मले त्यांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळतं. लिस्बनला जन्म नोंदवायचा, भारतीय पासपोर्ट परत करायचा, आणि इकडे यायचं. आम्ही पोर्तुगाल बघितलेलासुद्धा नाही. विमानातून ढग दिसले तेवढेच. गोदामात नाईट शिफ्ट केली, घर घेतलं, पोरं इथल्या शाळेत.

२३ जून २०१६ ला माझ्या घरात मत कुणाला होतं? मला नाही. बायकोला नाही. आम्ही युरोपियन, आणि युरोपियनांना त्या सार्वमतात मत नव्हतं. वरच्या खोलीत भाड्याने राहणारा हैदराबादचा मुलगा, भारतीय पासपोर्ट, आल्याला वर्षही झालं नव्हतं, त्याला मत होतं. राष्ट्रकुलातला नागरिक म्हणून. तो मलाच विचारत होता, ‘अंकल, किसको डालूं?’ मी म्हटलं बाबा, मन मानेल तिथे टाक. काय टाकलं ते मी आजपर्यंत विचारलं नाही.

आमचं गाव ‘बाहेर’वालं निघालं, जवळजवळ ५५ टक्के. आता फेब्रुवारीत होंडाने जाहीर केलं की इथला कारखाना २०२१ मध्ये बंद. साडेतीन हजार नोकऱ्या. कंपनी म्हणते ब्रेग्झिटमुळे नाही. असेल. पण माझ्या गल्लीत कुणालाही विचारा.

पोटकलम | ३० मार्च, ०८:५०

हे वाचून थांबलो. नियम तसाच आहे: ब्रिटन, आयर्लंड आणि राष्ट्रकुलातले तिथे राहणारे नागरिक मतदार, बाकी युरोपियन नाहीत. माल्टा आणि सायप्रस राष्ट्रकुलात असल्याने फक्त तेवढे सुटले. म्हणजे ज्यांच्या आजोबांवर इंग्रजांनी राज्य केलं त्यांना मत, ज्यांच्या आजोबांवर पोर्तुगिजांनी केलं त्यांच्या नशिबाचा निकाल दुसऱ्यांनी लावायचा.

लेस्टरकर | ३० मार्च, १४:४५

म्हापशेकार, मी ‘बाहेर’वाला असलो तरी तुमच्याबद्दल वाईट वाटतं. पण एक विचारतो. माझ्या पुतण्याने रांगेत उभं राहायचं आणि तुम्ही लिस्बनमार्गे यायचं, हे त्याला कसं समजावू?

म्हापशेकार | ३० मार्च, १५:३०

त्याला म्हणावं, आजोबा बदल. :)

राग नाही, लेस्टरकर. तुमच्या जागी मीही हेच विचारलं असतं.

संपादक मंडळ | ३० मार्च, १९:००

व्यक्तिगत शेरे असलेले काही प्रतिसाद उडवले आहेत. काडेपेटी, तुमचे जास्त आहेत.

काडेपेटी | ३० मार्च, १९:०२

ऑऽऽऽर्डर.

बारामतीचा_पाहुणा | ३१ मार्च, ११:१०

एवढी जागतिक चर्चा चालली आहे तर एक शंका. सार्वमतात ५२ टक्के बाहेर म्हणाले. विषय संपला ना? हरलेले लोक तीन वर्षं रडतायत, ‘ब्रेग्झिट रद्द करा’ या याचिकेवर साठ लाख सह्या करतायत. उद्या आपल्याकडे निवडणूक हरल्यावर कुणी म्हणालं पुन्हा घ्या, तर घ्यायची का?

टेम्सकाठी | ३१ मार्च, १६:२०

पाहुणे, निवडणूक पाच वर्षांनी पुन्हा येतेच, हा पहिला मुद्दा. दुसरा असा की १ कोटी ७४ लाख लोकांनी ‘बाहेर’ म्हटलं हे खरंय, पण कुठे जायचं ते कागदावर नव्हतंच. प्रचारात कुणी नॉर्वेचं उदाहरण देत होतं, कुणी स्वित्झर्लंडचं, कुणी बसवर आठवड्याला ३५ कोटी पौंड दवाखान्यांना देतो असं लिहून फिरत होतं. आज जो खासदार करार पाडतो, मग तो कट्टर ब्रेग्झिटवाला असो की राहा-वाला, तो म्हणतो लोकांना हे नको होतं. आणि दोघांनाही तसं म्हणता येतं, हीच तर गोची आहे.

शिवाय स्कॉटलंड ६२ टक्के ‘राहा’, उत्तर आयर्लंड जवळपास ५६ टक्के ‘राहा’. त्यांना कुणी विचारायचं?

तरीही पुन्हा सार्वमत घ्यावं का याबद्दल माझंच मन ठरत नाही. २३ मार्चच्या मोर्चात मी गेले होते, पार्क लेनपासून पार्लमेंट स्क्वेअरपर्यंत मुंगीला वाट नव्हती. छान वाटलं. पण परत येताना ट्रेनमध्ये संडरलंडच्या बाजूच्या एक बाई भेटल्या, माझ्या हातातला फलक बघून म्हणाल्या, आम्ही आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जिंकलो आणि तुम्ही म्हणता ते धरायचं नाही. मला उत्तर सुचलं नाही. फलक गुंडाळला आणि त्यांना खिडकीची जागा दिली.

बारामतीचा_पाहुणा | ३१ मार्च, १७:००

हे प्रामाणिक वाटलं. बाकी माझं मत तेच.

काडेपेटी | २ एप्रिल, ०८:१५

काल रात्री दुसरी फेरी. चार पर्याय, चारही पडले. कस्टम्स युनियन तीन मतांनी हुकली, २७३ विरुद्ध २७६. आणि मधेच प्रेक्षक सज्जात हवामानबदलवाले कपडे काढून काचेला पाठ चिकटवून उभे राहिले. १ एप्रिल होता तरी खरं आहे हे.

चिमूटभर | २ एप्रिल, ०९:००

आमच्या सभेत एवढं अजून झालेलं नाही. सेक्रेटरींना कळवतो.

म्हापशेकार | २ एप्रिल, २३:५०

अ‍ॅपबद्दल दोघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला, म्हणून इथेच लिहितो. युरोपियनांनी इथे राहण्यासाठी जो सेटल्ड स्टेटसचा अर्ज करायचा तो ३० तारखेपासून सगळ्यांना खुला झाला. आधी ६५ पौंड फी होती, जानेवारीत रद्द केली. फोनवर पासपोर्टची चिप वाचून घ्यायची, मग चेहरा दाखवायचा. पण चिप फक्त अँड्रॉइड फोनवर वाचता येते. आयफोनवर नाही.

आमच्या ओळखीत अर्ध्यांकडे आयफोन. म्हणून रविवारी मिस्सानंतर सगळे आमच्या किचनमध्ये, माझ्या भाच्याच्या फोनसमोर रांग लावून. प्रत्येकजण पासपोर्ट फोनच्या पाठीवर घासतोय, वर-खाली सरकवतोय. शेजारची माई ऐंशीच्या घरातली. तिला चेहरा दाखवायला सांगितलं तर तिने पहिल्यांदा डोक्यावरचा स्कार्फ नीट केला, मग हसली. भाचा म्हणतो माई, हसू नको, घेत नाही तो. ती म्हणते फोटोत हसायचं नाही तर कधी?

पाच वर्षं झाली असतील तर सेटल्ड, कमी असतील तर प्री-सेटल्ड. टॅक्सची नोंद नीट असेल तर बाकी कागद फारसे मागत नाहीत.

गूळपोळी | ३ एप्रिल, ०७:३०

माईंना नमस्कार सांगा.

पोटकलम | ४ एप्रिल, २१:४५

दोन दिवसांत काय काय झालं बघा. काल एका दुरुस्तीवर ३१० विरुद्ध ३१० अशी बरोबरी. सभापतींना निर्णायक मत द्यावं लागलं, १९९३ नंतर पहिल्यांदाच. मग मे यांना मुदतवाढ मागायला लावणारं विधेयक एका मताने मंजूर, ३१३–३१२. आणि आज कामकाज चालू असताना छतातून पाणी गळायला लागलं म्हणून सभागृह लवकर उठलं.

एका मताची किंमत म्हणाल तर जानेवारीत ट्युलिप सिद्दीक या खासदार बाईंनी सिझेरियन पुढे ढकलून व्हीलचेअरवर येऊन मत दिलं होतं. मत द्यायला लॉबीतून सदेह जायचा नियम. त्यानंतर बाळंतिणींना प्रॉक्सी मताची सोय झाली. या सगळ्या गोंधळातून निघालेली एकमेव ठोस सुधारणा.

जग्वारची_पोर | ६ एप्रिल, १३:२०

वाचनमात्र असते, आज लिहिते. नवरा सॉलिहलला टाटांच्या जग्वार लँड रोव्हरमध्ये, पुण्याहून बदलीवर. सोमवारपासून आठवडाभर कारखाने बंद. १२ एप्रिलला गोंधळ होईल, सुटे भाग अडकतील, म्हणून आधीच ठरवून घेतलेली सुट्टी. जानेवारीत साडेचार हजार नोकऱ्या कमी करणार म्हणून जाहीर झालं. चीनमधली मागणी आणि डिझेलचं कारणही आहे त्यात, सगळं ब्रेग्झिटवर ढकलता येणार नाही. पण आम्ही जूनमधली पुण्याची तिकिटं अजून काढलेली नाहीत. परतीचं काढायचं की एकेरी, ते ठरत नाही.

लेस्टरकर | ६ एप्रिल, १४:००

पोरी, परतीचंच काढ. बदलायला पन्नास पौंड जास्त पडले तर पडू देत.

काडेपेटी | ११ एप्रिल, ०७:५०

३१ ऑक्टोबर! नवीन तारीख! भुतांचा सण!

पोटकलम | ११ एप्रिल, ११:३०

मे यांनी ३० जून मागितली होती, ब्रसेल्सने रात्रभर बसून ऑक्टोबर दिली. फ्रान्सच्या मॅक्राँना कमी मुदत हवी होती, जर्मनीच्या मर्केलना जास्त. आता कदाचित युरोपीय संसदेची निवडणूकही ब्रिटनला घ्यावी लागेल. जिथून निघायचं तिथलेच खासदार निवडायचे.

आमच्याकडे आज पहिल्या टप्प्याचं मतदान, शाई लावून आलो. (धागाकर्ते, एवढंच, पुढे काही बोलत नाही.)

टेम्सकाठी | ११ एप्रिल, १५:१०

धनकवडीकर, तुमचा मूळ प्रश्न राहूनच गेला होता. भारतीय विद्यार्थ्याच्या व्हिसाला युरोपात असण्या-नसण्याचा संबंध नाही. फी तीच, नियम तेच. आरोग्य अधिभार मात्र जानेवारीपासून दुप्पट झालाय, विद्यार्थ्यांना वर्षाला ३०० पौंड, तो धरा. सार्वमताच्या दिवशी पौंड शंभर रुपयांच्या आसपास होता, आता नव्वदीत आहे, हा तुमचा फायदा. काळजी करायची तर नोकरीची करा: एमएस्सी संपल्यावर शोधायला चार महिनेच मिळतात. ते सहा करण्याचा प्रस्ताव आहे, झालेलं नाही. कर्ज काढून पाठवत असाल आणि ते इथल्या पगारातून फेडायचं गणित असेल तर नीट विचार करा. शिकायलाच पाठवत असाल तर पाठवा.

धनकवडीकर | ११ एप्रिल, २१:३०

सगळ्यांचे आभार. कर्ज थोडं आहे, ते इथल्या पगारातून फिटेल असं धरलंय. आज डिपॉझिट भरलं. बँकेतल्या बाईंनीही विचारलं, आत्ता ब्रिटन? मी म्हटलं, ऑक्टोबरपर्यंत तरी कुठे जात नाही ते. मुलगी बोलायला लागली आहे, आता थांबत नाही. औषधपुडी, पंप लागत नाही, पण चष्मे दोन देतोय. लीड्सला कुणी असेल तर व्यनि करावा.

हाउन्स्लोची_भाची | १२ एप्रिल, ००:४०

नवीन आहे इथे. म्हापशेकार, माझी मावशी हाउन्स्लोला असते, पोर्तुगाली पासपोर्ट, पाच वर्षं व्हायला थोडे महिने कमी आहेत. आता अर्ज करू की थांबू?

म्हापशेकार | १२ एप्रिल, ०३:०५

थांबू नको. आता प्री-सेटल्ड मिळेल, पाच वर्षं भरली की परत अर्ज करायचा, फुकट आहे. मावशीचा फोन कुठला?

हाउन्स्लोची_भाची | १२ एप्रिल, ०८:२०

आयफोन.

म्हापशेकार | १२ एप्रिल, १४:३०

मग रविवारी स्विंडनला पाठव. अकरानंतर.